स्वतःचा डान्स क्लास काढायचाय? मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी डोंबिवलीत कथकचा क्लास घेते, १४ वर्षं झाली. दरवर्षी जूनच्या आधी आणि मग परत दसऱ्याच्या आधी कोणीतरी नुकतीच विशारद (नृत्याची वरची परीक्षा) झालेली मुलगी फोन करते, कधीकधी तिची आईच करते, की ताई क्लास सुरू करायचाय, काय काय लागतं. तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलंय. कथकवाल्यांना जास्त उपयोगी पडेल, भरतनाट्यम, बॉलिवूड, लावणीवाल्यांनी आपापल्या हिशोबाने घ्या.

विशारद झालंच पाहिजे का? कायद्याने काही डिग्री लागते का?

खाजगी क्लास काढायला कायद्याने काही डिग्री लागत नाही. पण पालक पहिल्याच फोनवर "परीक्षांना बसवता ना?" आणि "तुमचं कितपत झालंय?" हे दोन प्रश्न विचारतातच, त्यामुळे विशारद असेल तर बोलणं सोपं जातं. ज्यांना रीतसर पदवी करायचीय त्यांच्यासाठी पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबईत नालंदा नृत्यकला महाविद्यालय आहे.

पण खरी अडचण वेगळीच येते. स्वतःला तोडा (बोलांवर बांधलेली छोटी रचना) येणं आणि सात वर्षांच्या पोरीला तोच तोडा चार तुकडे करून शिकवणं यात फार अंतर आहे. मला पहिल्या महिन्यात कळेचना की "ता थेई थेई तत" इतकं सरळ असताना हिचा डावा पाय आधी का येतोय. म्हणून माझा सल्ला असा की क्लास काढायच्या आधी निदान एक वर्ष आपल्या गुरूंच्या प्रारंभिकच्या, म्हणजे पहिल्या परीक्षेच्या, बॅचला मागे उभं राहा, हजेरी घ्या, रडणाऱ्या पोरांना पाणी द्या, घुंगरू बांधून द्या. आणि गुरूंना आधी सांगा की मी क्लास काढतेय. बाहेरून कळलं की त्यांना लागतं, आणि लागणारच ना.

पैसे सुटतात का? खरं सांगा.

सुटतात, पण हळूहळू. आधी एक हिशोब समजून घ्या. तुमच्याकडे विकायला दिवसाचे फक्त चार तास आहेत, संध्याकाळी ५ ते ९. त्याआधी मुलं शाळेत आणि ट्युशनला, त्यानंतर जेवण आणि झोप. बाकी सगळं म्हणजे फी, जागा, बॅच किती मोठी, हे या चार तासांतून ठरतं.

माझ्याकडची पद्धत सांगते. सोमवार-गुरुवार एक जोडी, मंगळवार-शुक्रवार दुसरी. रोज एकेक तासाच्या चार बॅच, म्हणजे आठ बॅच झाल्या. प्रत्येकी १० मुलं धरली तर ८०, महिना ८०० रुपये फी धरली तर ६४ हजार. कागदावर हा आकडा बघून माझ्या भावाने मला नोकरी सोडायला सांगितली होती! प्रत्यक्षात ५ ते ६ ची बॅच ओसंडून वाहते आणि ८ ते ९ ला तीन मुली असतात, त्यातली एक दहावीत गेली की दोन. त्यामुळे ८० च्या जागी ५० धरा, म्हणजे ४० हजार. हॉल तासाला २०० रुपयांनी घेतला तर महिन्याला साधारण १४ हजार तिथे गेले, मदतनीस मुलीला आणि तबल्याच्या सरांना मिळून ५-६ हजार, उरले वीसेक हजार. आणि तेही वर्षाचे दहा महिनेच, कारण मे महिन्यात अर्धी मुलं गावाला असतात आणि दिवाळीचा महिना अर्धाच भरतो. पहिली दोन वर्षं तर याच्या निम्मेही मिळत नाहीत. हे माझे आकडे आहेत, तुमच्या गावात भाडं आणि फी वेगळी असेल, पण मांडणी हीच करा.

चार तासांच्या बाहेरचं काही मिळालं तर ते सोनं. शनिवार-रविवार सकाळ आणि आठवड्यातून दोनदा ११ ते १२ बायकांची बॅच. ही बायकांची बॅच अजिबात कमी लेखू नका, त्या फी वेळेवर देतात, परीक्षेचं टेन्शन घेत नाहीत आणि लहानपणी राहून गेलं म्हणून आल्यात त्यामुळे घरी रियाज करतात, जो मुली करत नाहीत.

घरातच सुरू करू का हॉल घेऊ?

पाचसहा मुलांपर्यंत घर चालतं, त्यापुढे नाही. आणि फ्लॅट असेल तर पहिला विचार खालच्या मजल्यावरच्यांचा करा. दहा मुलींची ततकार (तालात पाय आपटणं) म्हणजे खाली छतावर कोणीतरी खल-बत्ता कुटतंय असं वाटतं, हे मला खालच्या काकूंनी घरी नेऊन ऐकवलं तेव्हा पटलं. मी तेव्हा ठरवलं की घुंगरू फक्त शनिवारी बांधायचे, इतर दिवशी नुसते पाय, आणि दिवाळीला पहिला फराळ खालच्या घरी. तरी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघालाच. सोसायटीकडून लेखी घ्या, तोंडी "हो हो घ्या की" हे कमिटी बदलली की संपतं. घरच्या मीटरवर व्यवसाय चालवला तर वीजबिलाला कमर्शियल दर लागू शकतो, तेही आधी विचारून ठेवा.

हॉलसाठी शाळा, बालवाडी, देवळाचं सभागृह, मंडळाचं कार्यालय इथे विचारा. शाळेचे वर्ग संध्याकाळी रिकामे असतात आणि पालकांना शाळेची जागा म्हटलं की भरवसा वाटतो. फक्त देवळाच्या किंवा मंडळाच्या हॉलमध्ये सप्ताह, गणपती, नवरात्र, लग्न आलं की तुमचा क्लास बंद. वर्षाला असे किती दिवस जातात ते आधी मोजा आणि भाडं त्या हिशोबाने ठरवा. तळमजला मिळाला तर सोडू नका. स्टेशनच्या जवळ असला तर उत्तमच, कारण आमच्याकडे आईबाबा लोकलने येतात आणि उतरून तसेच मुलीला घेऊन घरी जातात.

फरशीवर नाचलं तर काय होतं?

नडग्या दुखतात. गुडघे, टाचा, कंबर, पण सगळ्यात आधी नडग्या. काँक्रीटच्या स्लॅबवर टाइल्स असतात, त्या जराही दबत नाहीत, आणि कथकमध्ये पूर्ण तळवा आपटायचा असतो त्यामुळे सगळा धक्का पायातच राहतो. मुलींपेक्षा तुमचं जास्त नुकसान होतं कारण त्या आठवड्यातून दोन तास नाचतात आणि तुम्ही सोळा-वीस.

लाकडी फ्लोअर परवडत नसेल तर हे करा. खाली फोमचा किंवा रबराचा थर, त्यावर १२ किंवा १८ मिलिमीटरचं वॉटरप्रूफ प्लाय. जमलं तर दोन थर, वरच्याचे सांधे खालच्या सांध्यांवर येणार नाहीत असे. खिळे मारू नका, स्क्रू मारा आणि डोकी आत बुडवा, अनवाणी पायाला वर आलेला खिळा म्हणजे टिटॅनसचं इंजेक्शन. भिंतीला चिकटवून बसवू नका, चारी बाजूंनी थोडी फट सोडा, पावसाळ्यात प्लाय फुगतं आणि जागा नसली की मधोमध वर उचलतं. माझं उचललं होतं, ऐन ऑगस्टमध्ये! भाड्याची जागा असेल तर आठ बाय चारच्या शीटचे चार बाय चारचे तुकडे करून घ्या, लिफ्टमध्ये मावतात. योगा मॅट किंवा कार्पेट टाकून भागवू नका, चक्कर घेताना पाय अडकतो आणि मुरगळतो.

आरसा हवा, पण पहिल्या महिन्यात नसला तरी चालतं. फॅन मात्र भरपूर.

रजिस्ट्रेशन, शॉप अॅक्ट, जीएसटी वगैरे?

वाटतं तेवढं अवघड नाहीये. एकटी किंवा एखादी मदतनीस असेल तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते, त्याची पावती बँकेत करंट अकाउंट उघडताना उपयोगी पडते. उद्यम, म्हणजे छोट्या व्यवसायांची, नोंदणी सरकारी साइटवर फुकट होते, एजंट पैसे मागेल, देऊ नका. व्यवसाय कराची नोंदणी करावी लागते, वर्षाला २,५०० रुपये. सेवा देणाऱ्यांना वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि आपल्यापैकी बहुतेकींचा प्रश्न इथेच मिटतो. यूपीआयवर आलेली फी हे उत्पन्नच आहे, रिटर्न भरा. एकदा सीएकडे जाऊन बसा, पुढची पाच वर्षं शांत झोप लागते.

नाव काय ठेवू?

कथकच्या रोहिणीताई भाटेंनी १९४७ मध्ये पुण्यात सुरू केलेली ती नृत्यभारती, भरतनाट्यमच्या सुचेताताई भिडे-चापेकरांची कलावर्धिनी, मोहिनीअट्टमच्या कनक रेळेंची नालंदा. एवढ्या मोठ्या बायका, पण एकीच्याही संस्थेला स्वतःचं नाव नाही. आणि आपण अरंगेत्रमच्या, म्हणजे पहिल्या जाहीर कार्यक्रमाच्या, दुसऱ्या दिवशी स्वतःच्या नावापुढे 'अकॅडमी' लावतो. मला विचाराल तर छोटं, मराठीत नीट उच्चारता येणारं नाव ठेवा. गुरूंचं नाव लावायचं असेल तर परवानगी घेऊनच. आणि झुम्बा हा नोंदणीकृत ब्रँड आहे हं, त्यांचं इन्स्ट्रक्टर लायसन्स नसेल तर बोर्डावर झुम्बा लिहू नका, डान्स फिटनेस लिहा.

किती वर्षांच्या मुलांना घ्यायचं?

मी सहा पूर्ण असल्याशिवाय कथकला घेत नाही. तीन-चार वर्षांच्या बाळांना घेऊन येतात, "घरी टीव्हीसमोर खूप नाचते हो", त्यांना सांगते अजून दोन वर्षं टीव्हीसमोरच नाचू दे.

घुंगरू कधी द्यायचे?

पहिल्या दिवशी सगळ्यांना तेच हवे असतात. मी साधारण सहा महिने देत नाही. हाताने ताल धरून पढंत (बोल तोंडाने म्हणणं) जमली, तीनतालाच्या सोळा मात्रा न चुकता मोजता आल्या की मग प्रत्येक पायात २५ चे. दसऱ्याला घुंगरूंची पूजा करून पहिल्यांदा बांधायचे असं ठेवलंय, त्यामुळे "कधी देणार" याला एक तारीख मिळते आणि पोरी सांभाळून वापरतात. दोरीत ओवलेलेच घ्या, पट्ट्यावर शिवलेले स्वस्त मिळतात पण दोन महिन्यांत हॉलभर घुंगरू गोळा करत फिरावं लागतं.

गांधर्वच्या परीक्षांना बसवायचं का? दहावीला मार्क मिळतात म्हणे?

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारदची दोन वर्षं, आणि त्यापुढे अलंकार. वरच्या परीक्षांना लेखी पेपरही असतो. परीक्षांमुळे मुलं टिकतात हे खरं आहे. काहीतरी पुढची पायरी दिसली की पालक फी भरत राहतात.

दहावीला शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांवर वाढीव गुण मिळतात, पण त्यासाठी ठरावीक परीक्षा पास लागतात आणि प्रस्ताव शाळेमार्फत ठरलेल्या मुदतीत जावा लागतो. नियम त्या त्या वर्षी शाळेत विचारा. यातून होतं काय, आठवीतल्या मुलीची आई येते आणि म्हणते दोन वर्षांत पाच परीक्षा करून द्या. मी नाही म्हणते. दोन ओळींच्या पुढे पढंत न येणारी मुलगी मध्यमाला बसवली तर परीक्षक मुलीला नाही, गुरूला मार्क देतात, आणि ते मार्क गावभर कळतात.

फी कशी वसूल करायची? मला मागायला लाज वाटते.

सगळ्यांना वाटते. म्हणून पहिल्या दिवशी छापील कागद द्या आणि सही घ्या. फी १० तारखेच्या आत, तीन महिन्यांची एकदम दिली तर थोडी सूट, दोघी बहिणी असतील तर थोडी सूट, मुलगी आली नाही तरी फी कमी होणार नाही, क्लास मी बुडवला तर भरून देणार. "मॅडम या महिन्यात दोनच क्लास झाले" हा मेसेज येणारच, त्याला उत्तर म्हणून कागदाचा फोटो पाठवायचा, वाद घालायचा नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त अॅडमिनला मेसेज टाकता येईल असं सेटिंग पहिल्या दिवसापासून ठेवा, नाहीतर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली सुट्टीचा मेसेज गाडला जातो.

ज्यांना खरंच परवडत नाही अशा एक-दोन मुली दरवर्षी असतात. त्यांना शिकवा, पण बाकीच्यांसमोर त्याची वाच्यता नको, मुलींना तर मुळीच कळता कामा नये.

पालक घ्यायला उशिरा येतात, काय करू?

लोकल लेट झाली की आमच्याकडे अर्धा क्लास माझ्यासोबत बसलेला असतो. शेवटची बॅच सुटल्यावर अर्धा तास स्वतःसाठी मोकळा ठेवा, घरी कुकर लावायची जबाबदारी दुसऱ्या कोणाला द्या. मुलीला एकटीला खाली सोडायचं नाही, ओळखीच्या नसलेल्या माणसासोबत तर नाहीच. फॉर्मवर आधीच लिहून घ्या की घ्यायला कोण कोण येऊ शकतं.

याच्यातच सुरक्षिततेचं सांगते. कपडे बदलायला बंद खोली हवी, तिथे कॅमेरा नको, मोबाईल नको. हाताची पोझिशन सुधारताना "हात लावू का" असं विचारायची सवय लावा, आधी विचित्र वाटतं, मग मुलीच एकमेकींना विचारायला लागतात. मदतनीस असो की तबल्याचे सर, एका मुलीसोबत बंद दाराआड कोणीही नाही. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे आणि कुठल्याही मुलाबाबत किंवा मुलीबाबत असं काही कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, "घरातलं आहे, राहू दे" हे चालत नाही. फोटो, रील टाकायच्या आधी पालकांची लेखी परवानगी. आणि कोणाच्याही वजनावर बोलायचं नाही. माझ्या लहानपणी मला बोलले होते, ४० वर्षांची झाले तरी ते वाक्य पाठ आहे.

मुलगे येतात का?

येतात, आणि सातवी-आठवीत चिडवाचिडवीमुळे सोडून जातात. एक बाबा मला म्हणाले मुलींचा नाच कशाला, तेव्हा मी त्यांना बिरजू महाराजांचं घराणं सांगितलं, वडील अच्छन महाराज, काका लच्छू महाराज आणि शंभू महाराज, लखनऊचं सगळं घरच नाचणाऱ्या पुरुषांचं. मुलगा अजून येतो. दोन मुलगे असतील तर त्यांना एकाच बॅचला टाका, एकटा टिकत नाही.

पालक म्हणतात मराठी गाण्यावर बसवा, बॉलिवूड पण घ्या. घेऊ का?

घ्या की! माझी शनिवारची बॉलिवूड बॅच आहे आणि हॉलचं भाडं त्यातून निघतं. जुलैअखेर सोसायट्यांचे फोन सुरू होतात, गणपतीत आमच्या १२ मुलांचा डान्स बसवून द्या, मग नवरात्रात गरब्याचं वर्कशॉप, मग लग्नाचे संगीत. याचे दर वेगळे ठेवा आणि निम्मे आधी घ्या. संगीतच्या वेळी नवऱ्याकडचे लोक प्रॅक्टिसला येतच नाहीत, स्टेप सोप्या ठेवा.

फक्त कथकची बॅच आणि बॉलिवूडची बॅच एकात घुसवू नका. पहिल्या वर्षी मी घुसवली, सहा महिन्यांनी कोणालाच ततकार करायची नव्हती.

भरतनाट्यमवाल्या मैत्रिणींची तक्रार असते की पालक म्हणतात तमिळ कळत नाही. त्यांना तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांच्या मराठी निरूपणांबद्दल सांगा, भरतनाट्यमचे गुरू आचार्य पार्वतीकुमारांनी ती मंचावर आणली. भरतनाट्यमसाठी मराठी रचना तंजावरच्या दरबारात लिहिल्या गेल्यात, आपल्याच लोकांना माहीत नसतं.

वार्षिक कार्यक्रम करायलाच हवा का?

दरवर्षी नाही. मी एक वर्ष गुरुपौर्णिमा हॉलमध्येच साधेपणाने करते आणि एक वर्ष नाट्यगृह. आमच्याकडे सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर, कल्याणला अत्रे रंगमंदिर. तारखेसाठी महिनोन्महिने आधी अर्ज करा, रविवार मिळायचं विसरा. खर्चात लोक भाडं आणि अनामत धरतात, पण लाइट, साउंड, मेकअपवाल्या ताई, भाड्याचे ड्रेस, व्हिडिओ, वडापाव-चहा, ट्रॉफी हे विसरतात. सगळं लिहून पालकांना आधी आकडा सांगा, नंतर "अजून २०० द्या" म्हटलं की तोंडं वाकडी होतात. रेकॉर्डेड गाणी जाहीर कार्यक्रमात वाजवायची तर आयपीआरएस आणि पीपीएल या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचं लायसन्स लागू शकतं, नाट्यगृहात आधी विचारा. संवाद असलेली नृत्यनाटिका असेल तर संहितेसाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकांचं सेन्सॉर) प्रमाणपत्र. खुल्या मैदानात करणार असाल तर रात्री १० ला स्पीकर बंद.

प्रमुख पाहुण्यांचं भाषण मध्यंतराआधी ठेवू नका. आमच्याकडे एका पाहुण्यांनी ३५ मिनिटं घेतली, विंगेत २२ बारक्या पोरी घुंगरू बांधून, लिपस्टिक लावून, सू लागलेली.

असिस्टंट मुलीने शेजारच्या गल्लीत क्लास काढला तर?

काढणारच. माझ्या एका असिस्टंट मुलीने काढला, जाताना नऊ मुली घेऊन गेली, आणि मला व्हॉट्सअॅप स्टेटसवरून कळलं. आठवडाभर मी नीट जेवले नाही. मग आठवलं की मी तिला तीन वर्षं "शिकतेयस ना" म्हणून पैसेच दिले नव्हते. आता पहिल्या महिन्यापासून मानधन देते, आणि आताच्या दोघी असिस्टंटना सांगून ठेवलंय की काढायचा तर ठाकुर्लीला, पुढच्या स्टेशनला, काढा, उद्घाटनाला मी येते.

ऑनलाइन चालतं का?

परदेशातल्या मराठी मुलींसाठी चालतं. अमेरिकेतली शुक्रवार संध्याकाळ म्हणजे आपली शनिवार सकाळ, संध्याकाळच्या चार तासांना धक्का लागत नाही. पण आवाज उशिरा पोचतो त्यामुळे तुम्ही पढंत करायची आणि तिने नाचायचं हे जमत नाही, सम (तालाची पहिली मात्रा) कधीच जुळत नाही. लहरा (तालासाठी सतत वाजणारी धून) तिच्या बाजूला लावायला सांगा, तुम्ही म्यूट होऊन नुसतं बघा, थांबल्यावर बोला. कॅमेऱ्यात पाय दिसतायत ना हे आधी बघा, अर्ध्या वेळा नुसता चेहराच दिसतो.

नोकरी सोडून करू का?

लगेच नको. क्लास संध्याकाळीच असतो, सकाळची अर्धवेळ नोकरी चालू ठेवा. सलग दोन वर्षं मे महिन्याचं भाडं क्लासच्याच पैशातून निघालं की मग विचार करा.

तुमच्या पहिल्या बॅचला किती मुलं होती?

तीन. त्यातली एक माझी भाची, तिची फी अजून यायचीय.